वालसेर्नचा आठवा ड्यूक

लंडन, ४ ऑक्टोबर १७९३

आग्लाए,

वर 'डचेस' लिहायला हात गेला होता. मग आठवलं, तुला तो शब्द आता नकोसा झालाय. कूतांसच्या नगरपालिकेत जाऊन तू माझ्या भावाशी काडीमोड घेतलास, ही बातमी मला एका लोणी विकणाऱ्याकडून कळावी? घरातल्या माणसाकडून कळण्याइतकीही माझी किंमत राहिली नाही?

जमीन वाचवण्यासाठी सगळ्याच बायका असं करतात म्हणे. नवरा देश सोडून गेला की सरकार शेतं जप्त करतं, आणि बायकोने त्याला सोडलं की तिचं स्त्रीधन तरी राहतं. करत असतील. वालसेर्नच्या सुना असं करत नाहीत. आपल्या घराला ड्यूकचा किताब दरबारात मुजरे करून मिळालेला नाही. पहिल्या ड्यूकने वेढा फोडून, छातीपर्यंतच्या पाण्यातून राजाचा निरोप पलीकडच्या किल्ल्यात पोचवला, म्हणून मिळाला. तेव्हापासून बापाकडून मुलाकडे असा तो चालत आलाय. माझा भाऊ आमोरी सातवा. आठव्याचा पत्ता नाही, कारण तू आम्हाला एक ऑनोरीन दिलीस आणि थांबलीस. पोर गोड आहे, पण किताब मुलीकडे जात नाही. आमोरीचं काही बरंवाईट झालं तर ड्यूक कोण होणार, ठाऊक आहे ना? चुलतभाऊ गोंत्रां! वारा येईल तशी टोपी फिरवणारा.

आमोरी जर्सी बेटावर आहे. तुमच्या किनाऱ्यावरून ते बेट दिसतं, असं तो लिहितो. तुझ्या काडीमोडाबद्दल तो एक शब्द बोलत नाही. म्हणून मीच बोलले.

मी इथे गवताच्या टोप्या विणून पोट भरते. बोटं सोलून निघालीत. पण सही अजून पूर्ण करते.

सिदोनी द वालसेर्न, विधवा व्हायकाउंटेस द ब्रेकूर

•

कूतांसजवळ, १२ डिसेंबर १७९३

वन्सं,

तुमचं पत्र मिळालं. पहिली विनंती, तुमचे भाऊ कुठे आहेत ते पुन्हा पत्रात लिहू नका. परदेशातल्या माणसाचं पत्र घरात सापडलं एवढ्यावर इथे माणसं गिलोटिनखाली गेली आहेत. मी तुमचं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. हे पत्रसुद्धा वाटेत कुणीतरी उघडेल असं धरूनच लिहिते आहे, तुम्हीही तसंच वाचा.

आपली ऑनोरीन गेली. नोव्हेंबरात घशाचा आजार आला. श्वास घेताना करवत ओढल्यासारखा आवाज यायचा. डॉक्टर रूसेल रोज येत होते. ते गावच्या क्रांती-समितीतले आहेत, बिल्ला लावूनच येत, पण पोरीच्या उशाशी बसले की बिल्ला विसरत. त्यांनी होतं नव्हतं ते केलं. ती एकटी गेली नाही, वन्सं. एवढं मनाशी धरून ठेवा. अगदी शेवटी ती हसलीसुद्धा.

काडीमोडाबद्दल काय सांगू? त्याचं कारण तुमच्या भावालाच विचारा.

एक विचारते. तिकडे थंडी फार आहे का? बाहेर पडलेली माणसं सुखरूप उबेला पोचली का, एवढंच मला कळायला हवं. उत्तरात फक्त थंडीचंच लिहा. बाकी काही लिहू नका.

आग्लाए

•

लंडन, ९ फेब्रुवारी १७९४

आग्लाए,

ऑनोरीनची बातमी वाचून मी दोन दिवस टोपीला हात लावला नाही. मी तुला बोलते, पण त्या पोरीच्या जावळाचा वास अजून माझ्या नाकात आहे.

थंडीचं काय ते मला कळलं नाही. लंडनची थंडी विचारतेस तर आहे, फार आहे, हाडात शिरते. पण मुलीच्या मरणाच्या पत्रात हवापाणी विचारणारी आई मी पहिल्यांदा पाहिली.

आमोरी नाताळात इथे आला. नुसता सापळा झालाय. तुझं पत्र मी त्याच्यासमोर धरलं, म्हटलं, वाईट बातमी आहे. मी तोंड उघडायच्या आधीच तो रडायला लागला. बापाच्या काळजाला आधीच कळतं म्हणतात ते खोटं नाही.

दुसरं एक दुःख त्याला आतून खातंय. नोव्हेंबरात त्याला एक निरोप घेऊन तुमच्या किनाऱ्यावर उतरायचं होतं. फ्रेने गावची राजाच्या बाजूची माणसं हत्यारं घेऊन मिठागराच्या कोठारात जमली होती. 'इंग्रजांची जहाजं येणार नाहीत, थांबू नका, पांगा' एवढं त्यांना सांगायचं होतं. वाऱ्याने होडी परत फिरवली. किनाऱ्याला पाय लागलाच नाही, असं आमोरी म्हणतो. ती माणसं वाट बघत राहिली, पहाटे पकडली गेली, आणि भिंतीशी उभी करून मारली. पहिल्या ड्यूकच्या वंशजाला समुद्राने हरवावं! इथले सगळे त्याचं सांत्वन करतात, आणि सांत्वन केलं की तो खोलीतून उठून जातो.

आता वंशाचं काय? चर्चने लावलेलं लग्न नगरपालिकेच्या कागदाने मोडत नाही. तू अजून त्याची बायको आहेस. शांतता झाली की तू इकडे ये. वय गेलेलं नाही तुझं.

सिदोनी

•

कूतांस, ६ मे १७९४

वन्सं,

हे तुम्हाला दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच लिहिते. गेल्या महिन्यात मी नागरिक गातिएँ रूसेल यांच्याशी नगरपालिकेत लग्न केलं. उन्हाळ्यात मला मूल होईल. ते मूल नागरिक रूसेल यांचं आहे. समितीसमोर त्यांनी तसं सांगितलं आणि मीही तसंच सांगितलं.

तुम्ही काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. म्हणा. पण एक करा, हे पत्र तुमच्या भावाला वाचायला द्या. तोंडी सांगू नका, वाचायलाच द्या.

यापुढे मला पत्र पाठवू नका. शेजारच्या गावात परवाच एका बाईला नेलं, आलेलं पत्र तिने जपून ठेवलं होतं म्हणून.

आग्लाए रूसेल

•

लंडन, ३० जून १७९४

नागरिक बाई रूसेल यांस,

पाठवू नका म्हणालात, म्हणून मुद्दाम पाठवते.

पोरीच्या थडग्यावरची माती अजून ओली आहे, आणि तिच्या उशाशी बसणाऱ्या डॉक्टरला तुम्ही आपल्या उशाशी घेतलंत. त्या पत्रात त्याचं एवढं कौतुक का होतं, ते आता कळलं. थंडी लागली होती नाही का तुम्हाला?

माझ्या भावाने पत्र वाचलं. ते घडी करून खिशात घातलं आणि पावसात बाहेर पडला, तो संध्याकाळी चिंब होऊन आला. म्हणाला, "सिदोनी, तिला वाईट बोलू नकोस." असला नवरा तुम्ही घालवलात.

घराण्याच्या बायबलात तुमचं नाव होतं तिथे मी शाई ओतली आहे.

सिदोनी द वालसेर्न द ब्रेकूर

•

लंडन, २१ ऑगस्ट १७९५

आमोरी गेला. फ्रान्सच्या किनाऱ्यावर किबरोंला उतरलेल्या राजाच्या फौजेत होता. तुम्हाला कळवायला मी बांधील नाही. तरीही कळवलं.

सि.

•

पॅरिस, १४ नोव्हेंबर १८१५

आग्लाए,

वीस वर्षांनी हे अक्षर ओळखू येतंय का? म्हातारपणाने थोडं वाकडं झालंय.

राजा परत आला, मीही आले. दोन खोल्या आहेत, गुडघे गेलेत, आणि गोंत्रां दर रविवारी मिठाई घेऊन भेटायला येतो. त्या कॉर्सिकन बादशहाच्या दरबारात हा सोन्याची वेलबुट्टी लावून मिरवत होता, आता टोपीला राजाची पांढरी फीत! त्याने राजाच्या किताब-समितीकडे अर्ज केलाय. सातवा ड्यूक निपुत्रिक मेला, म्हणून आठवा मी, असं त्याचं म्हणणं. मार्चमध्ये सुनावणी आहे. जवळची नातेवाईक म्हणून मला साक्षीला बोलावलंय. हसत हसत म्हणतो, "ताई, तुझं एक 'हो' हवंय, बस."

मी 'हो' म्हणणारही होते. पण सप्टेंबरात जर्सीला गेले होते, आमोरीची एक पेटी आणायला. तिथे ल गाले नावाचा म्हातारा नावाडी भेटला. म्हणाला, "तुमच्या भावाला त्या नोव्हेंबरात मीच पलीकडे उतरवलं होतं. वारा चांगला होता बाई. ठरल्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी आणायला गेलो, ते आलेच नाहीत. रोज जात राहिलो. शेवटी आले ते वेड्यासारखे धावत."

आग्लाए, महिना मी त्याला तीनदा विचारला. आमोरी उतरला होता. नोव्हेंबरात! आणि तुझं मूल ऑगस्टमधलं, मुलगा आहे, हेही मी चौकशी करून काढलंय.

मी तुला काय काय लिहिलं ते सगळं मला तोंडपाठ आहे. त्याबद्दल नंतर. आधी खरं सांग. तो मुलगा कुणाचा? माझ्या भावाचा असेल तर तो वालसेर्नचा आठवा ड्यूक आहे, आणि मी त्याला रांगत का होईना समितीपुढे घेऊन जाईन.

सिदोनी

•

कूतांस, ३ डिसेंबर १८१५

वन्सं,

अक्षर पाकिटावरच ओळखलं. पाकीट उघडायला मात्र संध्याकाळ झाली.

आता पत्रं कुणी उघडत नाही, तेव्हा सगळं लिहिते.

आमोरी उतरले आणि फ्रेनेला जायच्या वाटेवर तासाभरासाठी घरी आले, पोरीला बघायला. तिला आजार झालाय हे त्यांना ठाऊक नव्हतं. ऑनोरीनने त्यांचं बोट धरलं ते सोडेना. ते उठले की तिचा श्वास अडकायचा. "बाबा, जाऊ नका." तुम्हीच सांगा, कोण उठेल? ते पडद्यामागे लपत आणि डॉक्टर गेले की पुन्हा बसत. दुसऱ्या दिवशी डॉक्टर अवेळी आले आणि त्यांनी आमोरींना पाहिलं. पोरीची नाडी बघितली, मग आमोरींना म्हणाले, "डोकं जरा वर उचलून धरा तिचं. असं." त्या क्षणापासून त्यांचीही मान आमच्याबरोबर सुरीखाली होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

वन्सं, इथवर आमोरींना कुणी दोष देणार नाही. पण त्या संध्याकाळी ते निघू शकले असते. फ्रेने दीड तासाच्या वाटेवर. मीच म्हटलं, "जा आता, ती माणसं थांबलीत." ते म्हणाले, "पहाटे जातो. आत्ता माझे पाय उचलत नाहीत." आणि मी पुन्हा म्हटलं नाही. त्या रात्रीबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही. दुःखात माणसं एकमेकांना कशी धरतात, हे ज्यांनी धरलंय त्यांनाच ठाऊक. पहाटे ते निघाले आणि वाटेतच त्यांना बंदुकांचे आवाज ऐकू आले.

मुलगा त्या रात्रीचा आहे. ती रात्र त्या माणसांची होती.

एप्रिलमध्ये पोट लपेना. समितीने विचारलं, बाप कोण? आमोरींचं नाव घेतलं असतं तर मी, डॉक्टर आणि आमच्या स्वयंपाकीणबाई, सगळे एका गाडीतून गेलो असतो. कुणाचंच नाव घेतलं नाही तर ते शोधून काढणार होते. डॉक्टर उठले आणि म्हणाले, "माझं आहे." समितीतले हसले. घरी आल्यावर मी पाया पडायला गेले तर चिडले. "मला तुमच्या ड्यूकशी काही देणंघेणं नाही. असली पदं जन्माने मिळू नयेत म्हणून तर मी समितीत गेलो. पण जन्माला यायच्या आधीच कुणाला मारावं, हेही मला पटत नाही."

ऑगस्टमध्ये मार्सियाल झाला. त्याच्या काही दिवस आधी पॅरिसमध्ये सत्ता उलटली आणि सुरी थांबली. तीन महिने आधी थांबली असती तर मी आज तुमची भावजय म्हणून लिहिलं असतं.

मार्सियाल आता कां शहरात वैद्यकी शिकतो. रूसेलना बाबा म्हणतो. त्याला काहीही ठाऊक नाही. आणि वन्सं, रूसेल माझे नवरे आहेत. सुरुवातीला नावाचे होते, नंतर नव्हते. तेही खरं लिहायचं म्हणून लिहिते.

फ्रेनेच्या वेशीवर राजाच्या माणसांनी आता दगड उभारलाय, मेलेल्यांच्या नावांचा. सगळ्यात वर, त्यांचा नायक म्हणून, आमोरींचं नाव आहे. मार्सियालला ड्यूक करायचं तर त्या रात्री आमोरी कुठे होते ते जगाला सांगावं लागेल. तुमची तयारी आहे?

मला विचाराल तर, नको. हात जोडते. नको.

आग्लाए

•

पॅरिस, ८ जानेवारी १८१६

आग्लाए,

तुझ्या पत्रानंतर मी आठ दिवस घराबाहेर पडले नाही. गोंत्रांला तब्येतीचं कारण सांगितलं. त्याने द्राक्षं पाठवली.

माझा भाऊ घाबरट नव्हता. तो बाप होता. हे मी कुणाच्याही तोंडावर सांगेन. पण समितीला एवढं सगळं कशाला हवंय? आमोरी उतरला, बायकोला भेटला, आणि निरोप द्यायला निघाला तेव्हा वाटेत शिपायांनी अडवलं, असं सांगू. ल गाले मी सांगेन तसं सांगेल. थोडं खरं, थोडं बरं. राजघराण्यांचे इतिहास असेच लिहितात.

तुझे हात जोडलेले दिसले मला. पण हा निर्णय तुझा नाही आणि माझाही नाही. ज्याच्या रक्तात हा किताब आहे त्याचा आहे. मार्सियालला मी पत्र लिहिलंय. सगळं लिहिलंय, त्या पहाटेपर्यंत. ते कालच्या टपालाने गेलं.

माफी मागणार नाही. एकदा न विचारता मी तुझं नाव वंशातून काढलं होतं, आता त्याचं नाव न विचारता घालते आहे.

सिदोनी

•

कूतांस, १९ फेब्रुवारी १८१६

सिदोनीबाई,

तुमचं पत्र खिशात घालून मार्सियाल घरी आला. बर्फात सबंध रस्ता घोड्यावर. आम्ही जेवायला बसलो होतो. त्याने पत्र रूसेलच्या ताटाशेजारी ठेवलं आणि उभाच राहिला.

रूसेलनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं. मार्सियाल म्हणाला, "तुम्ही मला कधीच का सांगितलं नाहीत?"

"काय सांगायचं होतं? की मी तुझा बाप नाही? ते मला ज्या दिवशी खरं वाटलं असतं, त्या दिवशी सांगितलं असतं."

मुलगा वळला आणि बाहेर गेला. मला वाटलं, आता हा पॅरिसला तुमच्याकडे जाणार. रूसेल हातातला पाव तसाच धरून बसले होते. त्यांना एवढं म्हातारं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. चार दिवस मुलाचा पत्ता नव्हता. मी कुणाकुणाला शाप दिले, त्यात तुम्ही पहिल्या होतात.

तो फ्रेनेला गेला होता.

तिथे त्याने पेरीन लोदेचं दार वाजवलं. दगडावर तिच्या नवऱ्याचं नाव आहे. त्याने सरळ सांगितलं की सातव्या ड्यूकला वाऱ्याने अडवलं नव्हतं. ते घरी होते, मुलगी मरत होती, आणि 'जहाजं येणार नाहीत, पांगा' हा निरोप तीन दिवस त्यांच्यापाशीच राहिला.

पेरीनने विचारलं, "पोरगी वाचली का?"

"नाही."

"हं." तिने विस्तवात एक लाकूड सारलं. मग म्हणाली, "म्हणजे कोलाने सांगितलं नव्हतं."

कोला हा तिचा धाकटा दीर. त्या रात्री तोही कोठारात होता. घरी गाय अडली म्हणून मध्येच निघून गेला आणि म्हणून वाचला. एकटाच वाचला, म्हणजे फितूर तोच, असं गावाने ठरवलं. इतकी वर्षं त्याच्याशी कुणी बोलत नाही. मिठागराच्या टोकाला राहतो. मुलींची लग्नं झाली नाहीत. आम्ही कूतांसला, आमच्या कानावर यातलं काही आलं नव्हतं. पेरीन मार्सियालला म्हणाली, "चर्चला जाताना मी त्याच्या उंबऱ्यावर थुंकून जाते. माझ्या नवऱ्याचा सख्खा भाऊ! न येणाऱ्या जहाजांची तीन रात्री एका जागी वाट बघत बसले म्हणून पकडले गेले ते. कुणी काही सांगायची गरजच नव्हती."

मार्सियालने विचारलं, "गावाला सांगाल?"

"मी? म्हणतील, म्हातारीला चळ लागलाय. मोठ्या घरचं खोटं मोठ्या घरच्याच माणसाने मोडावं लागतं. मोठ्या लोकांसमोर."

सिदोनीबाई, आता मार्सियालचा निरोप. त्याने तो मला लिहून घ्यायला सांगितला, कारण तुम्हाला कोणत्या नात्याने लिहावं ते त्याला अजून ठरवता येत नाही. तो म्हणतो:

"समितीसमोर तुम्हाला बोलावलं आहे, मला नाही. त्या दिवशी खरं सांगा, सगळं, पहाटेपर्यंत. पण माझं नाव घेऊ नका. माझं नाव घेतलंत की लोक म्हणतील, भाच्याला ड्यूक करण्यासाठी म्हातारीने गोष्ट रचली, आणि कोला लोदे मरेपर्यंत फितूरच राहील. तुम्हाला त्यातून काहीच मिळणार नसेल तरच ते खरं ठरेल. किताब मिळाला किंवा न मिळाला, मी इथेच नाड्या बघणार आहे."

मी त्याला म्हटलं, एवढं त्यांच्याकडून होणार नाही. त्यांनी आयुष्यभर दोनच गोष्टी जपल्या, किताब आणि भावाचं नाव. तू दोन्ही मागतो आहेस.

तो म्हणाला, "मागून तर बघू."

आग्लाए रूसेल

•

पॅरिस, २२ मार्च १८१६

आग्लाए,

काल सुनावणी झाली. तू कुणाकडून ऐकण्याआधी मीच लिहिते.

परवापर्यंत माझं काही ठरलं नव्हतं. खरं सांगायचं तर उलटच ठरलं होतं. ल गालेला पढवून ठेवलं होतं. मार्सियालचा निरोप मी दहादा वाचला आणि प्रत्येक वेळी राग आला. कालचं पोर, ना ओळख ना पाळख, आणि मला माझ्या भावाचं नाव चिखलात घालायला सांगतं! आणि वर जेवढं सांगतं तेवढं बरोबर सांगतं, हा वेगळाच राग.

दालन थंड होतं. टेबलापलीकडे तिघे अधिकारी, आणि गोंत्रां नव्या कोटात. त्याच्या वकिलाने अर्ज वाचला. त्यात आमोरीची स्तुती होती. वादळाशी झुंजणारा वीर, फ्रेनेच्या हुतात्म्यांचा नायक, आणि मग एक वाक्य, "ज्या हुतात्म्यांचा घात त्यांच्यातल्याच एका नीच माणसाने केला." कोलाचं नावही घेतलं. कोला लोदे. असं मोठ्याने, छताला लागेल असं.

आग्लाए, तोपर्यंत कोला माझ्यासाठी फक्त तुझ्या पत्रातला एक शब्द होता. ते नाव त्या दालनात ऐकलं आणि मला आमोरी आठवला. कुणी सांत्वन केलं की उठून जायचा तो. तो का उठून जायचा ते तेव्हा कळलं. कोलाबद्दल त्याच्या कानावर आलं होतं की नाही, देव जाणे. पण खोट्यावर बसवत नव्हतं त्याला.

मधल्या अधिकाऱ्याने विचारलं, "बाई, सातवे ड्यूक निपुत्रिक गेले, हे आपल्याला मान्य आहे?"

मी उठले. गुडघे दुखत होते म्हणून खुर्चीला धरलं. म्हटलं, "साहेब, त्याला मुलगी होती. ऑनोरीन. ती नोव्हेंबर त्र्याण्णवमध्ये गेली, आणि ती गेली तेव्हा माझा भाऊ तिच्यापाशी होता. जर्सीला नव्हता. वारा चांगला होता. ज्याने त्याला उतरवलं तो नावाडी बाहेर बसलाय." मग सगळं सांगितलं. बोट धरलेलं, दुपार, आणि त्यानंतरची रात्र. म्हटलं, "दुपारनंतर तो जाऊ शकत होता. गेला नाही. ती माणसं त्याच्यासाठी थांबली आणि मेली. त्यांच्यातल्या कुणीही घात केलेला नाही. कोला लोदे निर्दोष आहे."

लेखनिक थांबला. अधिकाऱ्याने सावकाश विचारलं, "हे नोंदवायचं का? आपल्याच घराण्याविषयी आहे."

"म्हणूनच नोंदवा," म्हटलं.

ल गालेला आत बोलावलं. तो माझ्याकडे बघायला लागला, कोणतं सांगू म्हणून. मी म्हटलं, "झालं ते सांगा." त्याचा जीव भांड्यात पडला.

मग तो प्रश्न आलाच. "मुलीशिवाय दुसरं अपत्य?"

गोंत्रां पुढे झुकला. त्याने काहीतरी ऐकलेलं असणार. आग्लाए, एक शब्द पुरे होता. माझ्या ओठावर होता. माझ्या बापाचा, आजोबांचा, सात जणांचा सगळा जोर त्या एका शब्दामागे होता. मी म्हटलं, "नाही."

समिती उठली. किताब गोंत्रांला मिळेल, आठ दिवसांत कागद येईल. बाहेर जिन्यात तो माझ्यापाशी आला. लाल झाला होता. म्हणाला, "ताई, शोभलं का हे? किताबाला चिखल फासलास आणि तोच माझ्या हातात दिलास!"

"आता तुझा आहे ना," मी म्हटलं, "मग धू."

आज दुपारी ल गाले माझ्या साक्षीची नक्कल घेऊन फ्रेनेला निघालाय. तिथल्या पाद्र्याने ती रविवारी चर्चमध्ये मोठ्याने वाचावी असं मी लिहून दिलंय. पेरीनने पुढच्या बाकावर बसावं. आणि कोलाने यावं, पण त्याला आणायचं कुणी, ते मला ठाऊक नाही. मार्सियालला जमेल कदाचित.

रडू आलं का, असं तू विचारणार नाहीस, म्हणून सांगते. आलं. किताबासाठी नाही. साक्ष देताना मला पहिल्यांदा ऑनोरीनची खोली दिसली, आणि त्यात तुम्ही दोघं दिसलात. बावीस वर्षं मी त्या खोलीत एका भामट्या डॉक्टरला बसवून ठेवलं होतं.

मागे लिहिलं होतं, माफी मागणार नाही. ते मागे घेते. कशाकशाची मागू, ते प्रत्यक्ष भेटीत.

ईस्टरनंतर रस्ते सुकतील. मला कूतांसला यायचं आहे. मार्सियालला विचार, चालेल का. डॉक्टर रूसेलना आधी विचार. घर त्यांचं आहे आणि मुलगाही त्यांचाच आहे. कागदावर तसं आहेच, काल मी त्यावर शिक्कामोर्तब केलं. मी कुणाची कोण, हे त्या मुलाने त्याच्या सवडीने ठरवावं. नाहीच ठरलं तर म्हातारी रोगी म्हणून आले असं समजू द्या. गुडघे खरोखरच गेलेत.

उत्तर लवकर पाठव. 'नाही' म्हणायचं असलं तरी पाठव.

सिदोनी